घरपट्टीच्या इंदूआक्का

समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं आणि तो खरा निघाला की मुकाट्याने सही करायची, ही इंदूआक्का गुरवांची नोकरी करायची रीत होती. बाकीचे लोक याच्या उलट वागतात आणि मग कपाळाला हात लावून बसतात, असं त्या म्हणायच्या.

बेळगावात घरपट्टीच्या कचेरीत आमची टेबलं अकरा वर्षं शेजारी होती. आक्का पाहणीला जायच्या, जागा मोजायच्या, माणसांशी बोलायच्या आणि परत येऊन मला सांगायच्या. मी त्याचा अहवाल कन्नडमध्ये लिहायचो. त्या कन्नड घडाघडा बोलायच्या, पण शाळा गुंजीत, मराठीतून झालेली. लिहिताना हात अडायचा. वाचता मात्र यायचं, एकेक अक्षर लावून. मी लिहिलेलं पान त्या बोट ठेवून वाचत बसत. एवढ्या वेळात माझा चहा येऊन गार व्हायचा.

त्यांच्याकडे मुख्यतः करमाफीचे अर्ज असत. धर्मादाय कामासाठी वापरलेल्या इमारतीला घरपट्टीतून सूट मिळते. अनाथाश्रम, धर्मशाळा, निराधारांसाठी बांधलेल्या खोल्या. अट एवढीच, की ते काम खरोखर धर्मादाय असावं आणि त्या जागेचं भाडं कुणी खात नसावं. ‘खरोखर’ हा शब्द आक्कांनी फार मनावर घेतला होता.

ठेंगणी मूर्ती, सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पुरुषी घड्याळ. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात मोजायचा टेप. रोज गुंजीहून पॅसेंजरने यायच्या आणि आल्या आल्या स्टेशनातलं घड्याळ आज किती पुढे होतं ते सांगायच्या. ते मुद्दाम पुढे ठेवतात अशी त्यांची खात्री होती. का ठेवतात, ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं, एवढंच. कचेरीत कुणी पेढे वाटले तर ‘कशाबद्दल?’ हे कळल्याशिवाय तोंडात घालायच्या नाहीत. माझी मुलगी दहावीला पहिल्या वर्गात आली म्हणून मी पेढा पुढे केला, तर म्हणाल्या, “मार्कशीट आनलंयस?” मी चिडलो. दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवलं. त्यांनी प्रत्येक विषयाचे गुण वाचले, बेरीज करून पाहिली आणि पिशवीतून एक चांगलं, नवंकोरं पेन काढून तिच्यासाठी दिलं. म्हणजे ते पेन आदल्या दिवशीच घेऊन ठेवलेलं असणार.

आणि त्यांचा तो शब्द होता. ‘आसंल.’ कुणी काहीही सांगो, अर्जदार असो, नगरसेवक असो, साहेब असोत, आक्का शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “आसंल.” या एका शब्दाने मी भल्याभल्यांना घाम फुटताना पाहिलाय.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी राहायच्या. एकदा मी धीर करून कारण विचारलं.

“आलतं की एक ठिकान,” त्या म्हणाल्या. “चांगला नोकरीवाला. म्हनला, मला हुंडा नगो, मानपान नगो, कायबी नगो.”

“मग?”

“मग काय? मी म्हनलं, का नगो? भावाला लोंढ्याला धाडला चवकशीला. त्याची पयली बायकू जित्ती हुती की रं तितं.”

एवढं सांगून त्या फाईलमध्ये डोकं घालून बसल्या. मला हसावं की हळहळावं कळेना.

एका धर्मशाळेच्या पाहणीला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. विश्वस्तांनी सगळी इमारत फिरवून दाखवली. यात्रेकरूंसाठी हॉल, हॉलमध्ये देवाची तसबीर, उदबत्ती. आक्का तसबिरीला हात जोडून सरळ जिन्याखाली गेल्या. तिथे विजेचे चार मीटर होते.

“हॉल एक हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“एकच की आक्का.”

“मग देव किती मीटर वापरतो?”

मागच्या बाजूला तीन बिऱ्हाडं भाड्याने राहत होती. अर्ज तिथेच संपला. विश्वस्तांनी नंतर साहेबांकडे तक्रार केली, की या बाईंना धर्माची चाड नाही. साहेबांनी आक्कांना बोलावून ते सांगितलं. आक्का म्हणाल्या, “आसंल.”

पण त्यांचा संशय नेहमीच खरा ठरायचा असं नाही. लष्कराच्या कॅम्पाच्या हद्दीला लागून, पण आमच्या वॉर्डात, एका निवृत्त नर्सबाईंचं कौलारू घर होतं. त्यांनी एक छोटी संस्था काढली होती. खानापूरच्या खेड्यांतून दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांना तिथे फुकट राहायला मिळायचं. आक्का तीनदा तिथे गेल्या आणि तिन्ही वेळा अहवाल न देताच परत आल्या. “एकटी म्हातारी, तिच्या घरात परक्या मानसानी ऱ्हायाचं, आनि ती पैसे घेत न्हाय? का घेत न्हाय?”

चौथ्यांदा त्या एक जुनेरं नेसून, हातात पत्र्याची पेटी घेऊन गेल्या. या वेळी नर्सबाईंकडे नव्हे, तर रात्रपाळीला असणाऱ्या तिथल्या मावशीकडे. लोंढ्याहून आलोय, भाऊ दवाखान्यात आहे म्हणून सांगितलं. मावशीने नाव विचारलं, चटई दिली, पेज दिली. भावाला पथ्याचं काही हवं असेल तर सकाळी चूल मोकळी असते म्हणाली. सकाळी निघताना आक्कांनी पैसे पुढे केले, तर मावशी ओरडली, “बाई बघतील, माझी नोकरी जाईल!”

कचेरीत आल्यावर पिशवी ठेवायच्या आधी आक्का म्हणाल्या, “चुकलं माजं. लिही. पूर्ण सूट.” त्या दिवशी अहवाल परत वाचलासुद्धा नाही. नर्सबाईंची माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. पण पुढे दरवर्षी त्या संस्थेचा अर्ज आक्काच घरी जाऊन भरून आणायच्या.

हे सगळं सांगतोय ते एका प्रकरणासाठी. त्यात मी फार चांगला दिसत नाही, तरी सांगतो.

वडगावच्या बाजूला एका माग-मालकाने मरताना आपली जागा निराधार बायकांसाठी ठेवली होती. तिथे ओळीने बावीस खोल्या. संस्थेच्या कागदावर त्याचं नाव ‘निवास’ होतं. तिथल्या बायका मात्र त्याला ‘चाळ’ म्हणायच्या. दोन नावं ऐकताच आक्कांचे कान उभे राहिले होते. संस्थेचे सचिव चिकोडीकर सर. ते माझे शाळेतले मुख्याध्यापक. पांढरं धोतर, पांढरी टोपी, गावात शब्दाला मान. माझ्यासारख्या शेकडो मुलांना त्यांनी मराठी शिकवलेलं. त्यांनी निवासासाठी करमाफीचा अर्ज केला होता. ‘संस्था रहिवाशांकडून एक पैसाही घेत नाही,’ असं प्रतिज्ञापत्र जोडलेलं होतं.

पाहणीचा दिवस ठरला गुरुवार, संस्थेला आधी न कळवता. मंगळवारी मला खडेबाजारात सर भेटले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, “अरे, आमच्या अर्जाचं काय झालं?” आणि मी बोलून गेलो, “गुरुवारी येतोय की सर आम्ही.”

गुरुवारी आम्ही गेलो तर अंगणात सडा-रांगोळी. बावीस बायका ओळीने बसलेल्या, सगळ्यांच्या अंगावर एकाच निळ्या रंगाची पातळं, घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. टेबलावर शिऱ्याच्या बशा. आक्कांनी एकेकीला विचारलं. प्रत्येकीने तेच सांगितलं, “आमी फुकट ऱ्हातो, संस्था लई चांगली हाय.” शब्दही तेच, क्रमही तोच. एक म्हातारी तेवढी वाक्य अर्धं म्हणून गप्प झाली आणि आक्कांकडे टक लावून बघत राहिली.

सर म्हणाले, “बघितलंत ना? समाधानी आहेत बिचाऱ्या.”

“आसंल,” आक्का म्हणाल्या. शिऱ्याला त्यांनी हात लावला नाही. मी खाल्ला.

बाहेर आल्यावर त्या कोपऱ्यापर्यंत भराभर चालत गेल्या. मग थांबल्या. “बावीस बायका, नळ एक. आनि एकीचीबी तक्रार न्हाय? पान्याची न्हाय, शेजारनीची न्हाय, उंदराची न्हाय? आसली बाई तू बघितलीयास कुटं?”

मी वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिलो.

“आपन येनार हे त्यास्नी कुनी सांगितलं, सदा?”

“मला काय ठाऊक, आक्का?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रस्त्यावरून यंत्रमागांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, “आसंल.”

तो शब्द मी इतरांसाठी हजारदा ऐकला होता. माझ्यासाठी पहिल्यांदाच ऐकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची डायरी टेबलावरून खणात गेली आणि खणाला कुलूप लागलं. कुठे जाताय विचारलं तर म्हणायच्या, “हितंच.” चहा बरोबर प्यायचो, पण त्या पाहणीबद्दल एक शब्द काढत नसत. सरांच्या अर्जाची फाईल त्या रोज पिशवीत घालून गुंजीला नेत आणि सकाळी परत आणत.

तीनेक आठवड्यांनी त्यांनी माझ्यासमोर एक छापील पावती ठेवली. हळदीचा डाग पडलेली, चार घड्या घातलेली.

“वाच.”

पावती कन्नडमध्ये होती. संस्थेचं नाव, एका बाईचं नाव, रक्कम, सरांची सही. मधे एक शब्द छापलेला.

“देणिगे,” मी वाचलं. “म्हणजे देणगी.”

“बाडिगे न्हाय न्हवं?” बाडिगे म्हणजे भाडं.

“नाही. देणिगे.”

“मीबी तसंच वाचलं. म्हनलं, चुकलं आसंल माजं.” त्यांनी पिशवीतून आणखी एक गठ्ठा काढला. दर महिन्याची एकेक पावती, तीच रक्कम, दोन वर्षांची. “ही म्हातारी दर म्हैन्याच्या पाच तारखंला देनगी देते. तिला इचार, ती म्हनते भाडं देतो.”

ती म्हातारी म्हणजे अर्धंच वाक्य बोललेली रखमाबाई. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं पाला निवडून आलेली, मागे कुणी नाही. सरकारी दवाखान्यात निवासातल्या बायका रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येतात हे आक्कांनी शोधून काढलं होतं. तिथल्या बाकावर त्या दुपारच्या जाऊन बसायच्या. पण रखमाबाईही काही साधी नव्हती. तीन दुपारी दोघी एकमेकींना नुसत्या पारखत होत्या. चौथ्या दिवशी रखमाबाईने आक्कांचं ओळखपत्र मागून घेतलं आणि गोळ्या देणाऱ्या माणसाकडून वाचवून घेतलं. मगच पावत्या बाहेर काढल्या. हे सांगताना आक्कांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. आपल्या तोलाचं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

“दोन म्हैने दिलं न्हाय म्हनून पारू म्हनून एकीला भाईर काढली,” त्या म्हणाल्या. “आता बसस्टँडावर फुलं इकत बसती. मी बघून आले.”

मला राहवेना. “आक्का, गुरुवारचं सरांना मीच सांगितलं होतं.”

“ठावं हाय.”

“कधीपासनं?”

“गुरुवारपासनं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू कवा बोलतोस ते बघत हुते.” मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “घे, लिही आता.”

अहवालाची कुणकुण लागली तसे सर कचेरीत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आक्कांच्या समोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, पाण्याची मोटर जळते, पावसात छप्पर गळतं. पूर्वी दाते होते, आता कोण देतं? मी घरात नेतो का ते पैसे? सूट नाकारलीत तर कर कुठून भरू? खोल्या खाली कराव्या लागतील. या बायका तुमच्या सहीमुळे रस्त्यावर येतील, एवढं ध्यानात ठेवा.”

“भाडं घ्यायाचं तर भाडं म्हना आनि कर भरा,” आक्का म्हणाल्या. “धर्म म्हनायचा तर भाडं घिऊ नगा. एकाच टायमाला दोनीबी कसं हुईल, सर?”

सर उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या पायऱ्यांवर बारा-तेरा बायका बसलेल्या, त्याच निळ्या पातळांत. आक्कांना बघताच उठल्या. एकीने त्यांचे पायच धरले. “आक्का, त्यो कागद फाडा. भाडं देतो आमी. पन आमाला भाईर काढू नगा. कुटं जायाचं ह्या वयात?” रखमाबाईला बाकीच्या वाटेल तसं बोलत होत्या. ती खांबाला टेकून उभी होती.

तो दिवस आक्कांचा कसा गेला ते मी पाहिलंय. डबा उघडला नाही. दोनदा फाईल उघडून मिटली. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तरी बसून होत्या. शेवटी मला म्हणाल्या, “खोटं धरलं, सदा. धरून काय केलं मी? त्या म्हातारीला एकटी पाडली.” ही बाई स्वतःवरसुद्धा संशय घेते, हे मला तेव्हा कळलं.

चार दिवसांनी साहेबांसमोर सुनावणी झाली. आक्कांनी हट्टाने सगळ्या बायकांना बोलावून घेतलं. दारात, व्हरांड्यात बायका उभ्या. सर आले ते तयारीनेच.

“या पावत्या देणगीच्याच आहेत, साहेब,” ते म्हणाले. “रहिवासी स्वेच्छेने देतात. त्यात गैर काय?”

मला वाटलं आक्का आता पारूबाईचं काढतील. त्यांनी काढलं नाही. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, “स्वेच्छेनं म्हंजे मर्जीनं न्हवं, सर?”

“अर्थात.”

“मग फुडल्या म्हैन्यात कुनाची मर्जी झाली न्हाय, तर?”

सरांनी व्हरांड्याकडे बघितलं. “तर... काही नाही.”

“खोली ऱ्हाईल तिची?”

“राहील.”

“तेवढं लिवून द्या. कन्नडमधनं साहेबास्नी, आनि मराठीतनं ह्या बायकास्नी. ‘देनगी दिली न्हाय म्हनून कुनाला भाईर काढनार न्हाय.’ खाली तुमची सही. आमी त्यो कागद निवासाच्या दारावर चिकटवू. मग सूट घ्या.”

साहेबांनी मान वर केली. देणगी नाही, भाडंच आहे म्हणावं, तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरत होतं. देणगीच म्हणावं, तर लिहून देणं भाग होतं. ज्यांनी मला मराठी शिकवलं, त्या सरांनी माझ्या टेबलावर बसून, माझ्या पेनाने, सुंदर अक्षरात तो मजकूर लिहिला. मी खाली बघत होतो.

आक्कांनी अहवालात लिहायला सांगितलं: मागच्या दोन वर्षांना सूट नाही, पुढे सूट, दरवर्षी पाहणी. मग निवासात जाऊन दारावर चिकटवलेला कागद त्यांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा. पुढच्या महिन्यात बावीस खोल्यांतून एकही देणगी आली नाही. फक्त रखमाबाई पाच तारखेला दहा रुपये घेऊन सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ही मातुर माजी मर्जी हाय. पावती फाडा.”

मागचा कर सरांनी विश्वस्तांकडून उभा केला. खोल्या खाली झाल्या नाहीत. पारूबाईची खोली मात्र आधीच दुसऱ्या बाईला दिलेली होती. तिला काढून पारूला आणणं आक्कांच्या हातात नव्हतं. बसस्टँडावर जाऊन त्या तिच्याकडून गजरा घेत आणि कचेरीतल्या मुलींना वाटत. स्वतः कधी माळत नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांचा फोन क्वचित यायचा. फोनवर बोललेलं कुणीतरी ऐकतं, असं त्यांचं मत होतं. गेल्या वर्षी कळलं, की डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मी गुंजीला गेलो. फणसाचे दिवस होते, सगळ्या अंगणात वास भरलेला. आक्का पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. डोळ्यांवर काळा चष्मा. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, “सदाच न्हवं?” आणि मग मला आमच्या जुन्या साहेबांचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. “हां, बस.”

थोड्या वेळाने त्यांनी भाचीकडून एक कागद मागवला. पेन्शनच्या खात्याचा होता, कन्नडमध्ये. “बघ जरा काय लिवलंय. मला अजून अक्षर लागत न्हाय.”

मी वाचून अर्थ सांगितला. त्यांनी मान हलवली, पेन हातात घेतलं आणि म्हणाल्या, “बोट ठिव कुटं सही करायची ती.” मी बोट ठेवलं. माझ्या बोटाला पेन टेकवून त्यांनी सही केली. खडेबाजारातला तो मंगळवार मी इतकी वर्षं मनातून काढू शकलो नव्हतो, आणि ही बाई माझ्या शब्दावर डोळे मिटून सही करत होती.

गाडीची वेळ झाली तशी मी निघालो. भाची फाटकापर्यंत सोडायला आली. मी तिला म्हणालो, “आक्कांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला, बरं वाटलं.”

ती हसू दाबत म्हणाली, “काका, परवा पोस्टमास्तरांकडनं वाचून घेतलं, काल शाळेतल्या बाईंकडनं. तुमी तिसरे. तिघांचं सारखं आलं, म्हनून सही.”

मी रस्त्याला लागलो आणि एकदा वळून बघितलं. आक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या, काळा चष्मा बरोबर माझ्या दिशेला. भाची पडवीची पायरी चढत होती. मला लांबून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला,

“गेला का गं त्यो? स्टेशनाकडंच गेला न्हवं? बघ नीट.”